बर्फाचे दोन गाल

आमच्या कंपनीत पाच माणसं आहेत आणि फोन उचलायचं काम माझं. ग्रान्सेले गावचं पोस्ट बंद झालं तेव्हा मी तिथल्या खिडकीत बसत होते. पंधरा दिवसांनी त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, हिल्डिंगने मला कामावर घेतलं. मुलाखतीत त्याने एकच प्रश्न विचारला, “मायलिस, लोक चिडून बोलायला लागले की तू काय करतेस?”

“ऐकून घेते आणि पावती देते,” मी म्हटलं. तेवढ्यावर नोकरी लागली.

आम्ही सॉफ्टवेअर करतो ते जमिनीच्या पोटात बघणाऱ्या रडारसाठी. रडारची पेटी जमिनीवरून ओढत न्यायची. ती खाली लहरी सोडते आणि त्या कशावर तरी आपटून परत येतात. परत आलेलं चित्र मात्र बघवत नाही. बिघडलेल्या टीव्हीवर मुंग्या धावतात ना, तसं. आमचा प्रोग्राम ते निवळतो, रंगवतो, ओळीला ओळ जोडून नकाशा करतो, आणि मग कळतं की इथे पाण्याचा नळ आहे, इथे जुनी भिंत आहे, इथे नुसती पोकळी. जगभरात नऊशेच्या आसपास लोक तो वापरतात. त्यातले निम्मे मला नावाने ओळखतात, कारण हिल्डिंग कधी फोनवर येत नाही.

प्रोग्राम त्याने एकट्याने लिहायला घेतला, त्याला आता सव्वीस वर्षं झाली. माणूस वाईट नाही. पावणेबाराला जेवतो, कुणाच्या वाटेला जात नाही, माझी गाडी सुरू झाली नाही तर न सांगता येऊन बॅटरी जोडून देतो. पण प्रोग्राम वापरणाऱ्याने शहाणं होऊनच यावं, असं त्याचं ठाम मत. आमचं भांडण होतं ते एका चौकटीवरून.

शेत नांगरताना एक सरी जाताना आणि एक येताना घालतात, रडारही तसंच फिरवतात. येतानाच्या ओळी उलट दिशेने नोंदलेल्या असतात, म्हणून नकाशा करण्याआधी त्या फिरवून घ्याव्या लागतात. त्यासाठी प्रोग्राममध्ये एक बारकीशी चौकट आहे, तिच्यात खूण करायची. खूण करायची राहिली, की येतानाच्या सगळ्या ओळींत डावीकडचं उजवीकडे जातं आणि जमिनीत एकच वस्तू असली तरी नकाशावर दोन उमटतात. मी त्याला जुळं म्हणते. पोर्तुगालच्या एका पाद्र्याला देवळाखाली एका तळघराची अपेक्षा होती, त्याला दोन सापडली. त्याने हर्षभराने मला कळवलं, गावात मिरवणूक काढायचं ठरतंय म्हणून. स्कॉटलंडच्या एका निवृत्त मास्तरांना किल्ल्याच्या दोन विहिरी सापडल्या. मी सगळ्यांना तेच उत्तर पाठवते: अभिनंदन, पण एकच आहे, कृपया चौकटीत खूण करावी.

अकरा वर्षं मी हिल्डिंगच्या मागे होते, की बाबा रे, प्रोग्रामलाच विचारू दे ना.

“ज्याला आपण कुठून कुठे चाललो हे आठवत नाही,” तो म्हणायचा, “त्याच्या हातात रडार द्यावंच कशाला?”

“अरे, विसरतात माणसं.”

“मग ती विसरभोळी आहेत. माझा प्रोग्राम नाही.”

तर, यंदाच्या मार्चमधली गोष्ट. दरवर्षी मार्चच्या दुसऱ्या शनिवारी गोठलेल्या नोरट्रेस्क तळ्यावर गळ टाकायची स्पर्धा असते. बर्फाला गिरमिटाने भोक पाडायचं, स्टूल टाकायचं, बसायचं. चार तासांत ज्याचा मासा वजनाला सगळ्यांत जास्त तो जिंकला. तीनशे-साडेतीनशे माणसं येतात. स्पर्धेचा सगळा कारभार सिक्स्टनकडे. तो चाळीस वर्षं तालुक्याची बस चालवायचा, त्यामुळे भोंगा हातात आला की अजूनही थांबे सांगितल्यासारखा बोलतो. पश्चिमेच्या काठाला, रस्त्याजवळ, बर्फावरच गाड्या लावतात, आणि गाड्यांशेजारी गुल्लानचा तंबू लागतो, कॉफीचा आणि वॉफलचा. गुल्लान ही हिल्डिंगची बायको.

या वर्षी वरच्या धरणातून हिवाळाभर जास्त पाणी सोडलं होतं. तळ्याखालचा प्रवाह कुठून कसा वळला असेल याचा कुणालाच अंदाज येईना. तीस वर्षांपासून पश्चिमेचा काठ सगळ्यांत जाड म्हणून ठरलेला, पण या वर्षी छातीठोकपणे कोण सांगणार? म्हणून सिक्स्टन आमच्या ऑफिसात आला आणि टोपी हातात घेऊन म्हणाला, “हिल्डिंग, तुझं ते यंत्र बर्फाची जाडी सांगतं म्हणे.”

“मिलिमीटरमध्ये,” हिल्डिंग म्हणाला.

शुक्रवारी सकाळी त्याने रडार स्नोस्कूटरच्या मागे बांधलं आणि अख्खं तळं नांगरून काढलं, पूर्वेकडून पश्चिमेकडे, पश्चिमेकडून पूर्वेकडे, चाळीस ओळी. दुपारी नकाशा तयार. त्याने त्याच महिन्यात चित्र मऊ करणारी एक नवी चाळण लिहिली होती, सगळे खाचखळगे गुळगुळीत करणारी, आणि ती तो सगळ्यांना दाखवत सुटला होता. या नकाशालाही त्याने ती लावली. तळं सगळं गडद निळं, पासष्ट सेंटिमीटर. फक्त दोन फिकट ढग, एक पूर्वेला, एक पश्चिमेला, बेचाळीसच्या आसपास. बेचाळीसवर गाड्या काय, ट्रकसुद्धा उभा राहील.

सिक्स्टन तसा काळजीवाहू माणूस. त्याने जाऊन पूर्वेच्या ढगात गिरमिट मारून बघितलं. पासष्ट भरलं.

“तुझं यंत्र जरा भित्रं आहे,” त्याने फोनवर हिल्डिंगला सांगितलं. “चालेल. भित्रंच बरं.” आणि पश्चिमेच्या ढगात भोक न पाडताच तो घरी गेला.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. शुक्रवारी मी दातांच्या डॉक्टरकडे होते.

शनिवारी साडेदहाला मी यीस्ट आणायला दुकानात गेले. दाराला स्पर्धेचं पत्रक लावलेलं आणि त्यावर आमचाच नकाशा, रंगीत. कौतुकाने बघायला म्हणून थांबले. दोन ढग. तळ्याच्या मधल्या रेषेपासून दोन्ही अगदी सारख्या अंतरावर, सारख्याच आकाराचे, एखाद्या बाळाच्या तोंडावर गाल असावेत तसे. मी मनात म्हटलं, किती गोड. मग मनात आलं, बर्फाला कुठून गाल?

यीस्ट तिथेच काउंटरवर राहिलं. हिल्डिंगला फोन लावला, तो बंद. गळ टाकून बसलेला माणूस फोन बंदच ठेवतो, मासे बिचकतात म्हणे. सिक्स्टनचा व्यस्त. गुल्लानचा वाजत राहिला. ती वॉफल भाजत असणार. ऑफिस दोन मिनिटांवर होतं. वर गेले, कालची फाइल उघडली. चौकट रिकामी होती.

खूण केली, चाळण काढून टाकली आणि नकाशा पुन्हा काढला. दोन्ही गाल नाहीसे झाले. पूर्वेकडचं बर्फ निखळ निळं झालं, आणि पश्चिमेला काठाच्या आत एक लांबलचक लाल पट्टा उमटला, वीस सेंटिमीटर, सतरा, एका ठिकाणी चौदा. म्हणजे खऱ्या पट्ट्याच्या निम्म्या ओळी पूर्वेला गेल्या होत्या, आणि चाळणीने जाड-पातळची सरासरी काढून सगळं बेचाळीस करून ठेवलं होतं. तो पट्टा जिथे होता तिथे गाड्या लावतात.

तळ्यापर्यंत मी गाडी कशी चालवली ते मला सांगता येणार नाही. एवढं आठवतं की गाडी मी रस्त्यावरच सोडली आणि बर्फावर जाताना पाय टाकायलाही संकोच वाटत होता, जणू माझ्याच वजनाने सगळं बुडणार आहे. बरेच जण बसने किंवा स्नोस्कूटरवर येतात, तरी गाड्या मोजल्या तर चौतीस. सगळ्या ओळीने, नीट, दोन-दोन मीटर अंतर ठेवून लावलेल्या. माणसं सगळी तळ्याच्या मध्यावर आणि पूर्वेला पाठमोरी बसलेली. सिक्स्टन भोंगा घेऊन तंबूच्या दाराशी उभा होता.

मी त्याला बाजूला घेऊन छापलेला कागद दाखवला. त्याने बघितला, मग पायाखाली बघितलं, मग पुन्हा कागद.

“हा लाल म्हणजे आपण आहोत?”

“आपण आहोत.”

त्याने भोंगा तोंडाशी नेला. तेवढ्यात तंबूतून गुल्लान बाहेर आली, एप्रनला पीठ. तिने कागद त्याच्या हातून घेतला आणि भोंगा खाली दाबला.

“काय सांगणार आहेस?” तिने विचारलं.

“बर्फ पातळ आहे म्हणून सांगणार. दुसरं काय?”

“आणि मग सगळे कुठे धावतील?”

सिक्स्टनने गाड्यांच्या ओळीकडे बघितलं. मीही बघितलं. सगळे गाड्यांकडे धावणार होते, हे उघडच होतं. साडेतीनशे माणसं, एकाच वेळी, नेमकी त्या पट्ट्यावर.

“एकेकाला बोलव,” गुल्लान म्हणाली. “गाडीचे दिवे चालू राहिलेत म्हणून सांग. एक गाडी गेली की दुसरी.” एवढं बोलून ती आत गेली आणि वॉफलची यंत्रं एकेक करून बंद करायला लागली, घाई न करता.

सिक्स्टनने घसा खाकरला. “निळी व्होल्व्हो, शेवटचे आकडे दोनशे सतरा. दिवे चालू राहिलेत. मालकाने कृपया यावं आणि गाडी रस्त्यावर न्यावी.”

एक बाई स्टुलावरून उठल्या, आल्या, दिवे बंद असलेले बघून चक्रावल्या. सिक्स्टनने त्यांना हळूच सांगितलं, “बाई, काही विचारू नका, गाडी रस्त्यावर न्या आणि परत या. सावकाश.” त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. त्या गेल्या. आमच्याकडच्या माणसांना काही विचारू नका म्हटलं की ती खरंच विचारत नाहीत. आमच्या भागाचा मला एरवी याच गोष्टीचा वैताग येतो.

“पांढरी साब गाडी, शून्य चौसष्ट. दिवे.”

“हिरवी गाडी, पाचशे अकरा. दिवे.”

सातव्या गाडीला कुठेतरी हशा पिकला. दहाव्या गाडीचा मालक लांबूनच ओरडून म्हणाला, “सिक्स्टन, माझे दिवे आपोआप बंद होतात.”

“येऊन बघ तरी.”

“बघायचं काय? आपोआप बंद होतात.”

“उमिओच्या गॅरेजवाल्याने सांगितलं म्हणून तू विश्वास ठेवलास. ये.”

तो आला. पंधराव्या गाडीपर्यंत तळ्यावरच्या सगळ्यांना कळून चुकलं होतं की दिव्यांची भानगड नाही. पण कुणी उठलं नाही. आपल्या नंबराची वाट बघत बसले, गळ पाण्यात सोडून. मी मात्र कागद धरून उभी होते आणि बुटांशी ओल जाणवत होती. गाड्यांच्या चाकांभोवती बर्फ किंचित खचलं होतं आणि त्या खोलग्यात पाणी चढत होतं, पातळ, करडं. मधूनच खालून लांबवर एक हुंकार यायचा, एखादी म्हातारी गाय कुशीवर वळावी तसा.

बाविसावा नंबर हिल्डिंगचा. तो आला तो तणतणतच.

“दिवे चालू? माझे? दिवे बंद न करता मी गाडी सोडली असं आजवर एकदा तरी—”

“हिल्डिंग,” मी म्हटलं, “जुळं आहे.”

पुढे काही बोलावं लागलं नाही. मी कागद पुढे केला. त्याने चष्मा कपाळावर सरकवून बघितला. मला वाटलं, वाद घालेल. अकरा वर्षांची सवय होती मला. त्याने लाल पट्ट्यावर बोट ठेवलं, मान वर केली, आणि तंबू कुठे आहे ते बघितलं. किल्ली सिक्स्टनकडे टाकून, गाडीकडे न जाता तो सरळ तंबूत शिरला.

आत गुल्लान कॉफीच्या मोठ्या पिंपाचं झाकण घट्ट करत होती. चाळीस लिटर. तंबूच्या जमिनीवर घोट्याएवढं नसलं तरी बोटभर पाणी होतंच.

“बाहेर चल,” तो म्हणाला.

“ती कड धर.”

“गुल्लान, पिंप राहू दे.”

“साडेतीनशे माणसं थंडीत बसली आहेत. कड धर.”

त्याने कड धरली. दोघं ते पिंप घेऊन लहान लहान पावलं टाकत बाहेर आली आणि पूर्वेकडे चालायला लागली. तो सबंध वाटभर काहीतरी पुटपुटत होता. गुल्लानने नंतर सांगितलं, तो पावलं मोजत होता. एकशे ऐंशी पावलांनंतर निळं लागतं हे त्याला पाठ होतं.

तेहतीस गाड्या रस्त्यावर गेल्या. तंबू चौघांनी दोर लावून स्नोस्कूटरमागे ओढून नेला. मग हिल्डिंगने सिक्स्टनकडून भोंगा मागून घेतला. भोंग्यात कसं बोलतात ते त्याला माहीत नव्हतं, पहिलं वाक्य कुणाला ऐकूच गेलं नाही. दुसरं गेलं.

“नकाशा मी काढला होता. चूक माझी आहे. यंत्राची नाही, सिक्स्टनची नाही. एक खूण करायची होती, ती मी केली नाही. पश्चिमेला कुणी जाऊ नका.”

मागून तोच आवाज आला, आपोआपवाला, “म्हणजे माझे दिवे बंदच होते ना?”

“बंद होते,” हिल्डिंग म्हणाला.

“मग ठीक आहे,” तो म्हणाला आणि पुन्हा गळाकडे वळला.

त्यावर पिकलेल्या हशातच कुणीतरी विचारलं, ती लाल गाडी कुणाची? पश्चिमेच्या काठाला एकच गाडी राहिली होती. सिक्स्टनने भोंगा घेतला, नंबर वाचायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. गाडी त्याची स्वतःची होती. चौतीस गाड्यांमध्ये तिचाच नंबर घ्यायचा राहिला होता. आम्ही बघत असतानाच पुढची दोन्ही चाकं शांतपणे बर्फात उतरली आणि गाडी पोटावर टेकून थांबली, पाणी प्यायला वाकलेल्या जनावरासारखी. सिक्स्टन एक पाऊल पुढे सरकला. गुल्लानने त्याची बाही धरली आणि हातात कॉफीचा कप दिला. सोमवारी काठावरून साखळदंड टाकून ट्रॅक्टरने गाडी ओढून काढली. सध्या तो पुतण्याची गाडी वापरतो आणि त्या विषयावर बोलत नाही.

स्पर्धा दीड तास उशिरा संपली. त्या आपोआप दिवेवाल्यालाच पहिलं बक्षीस मिळालं, एक किलो शंभर ग्रॅमचा आबोरे मासा. बक्षीस घेतानाही तो सिक्स्टनला म्हणाला, “तुझे दिवे मात्र अजून चालू दिसतायत.” आणि खरंच, पाण्यात बुडालेल्या पुढच्या बाजूने मंद उजेड येत होता.

सोमवारी मी आठला ऑफिसात पोचले तर हिल्डिंग माझ्या खुर्चीत बसलेला. त्याने अकरा वर्षांतले माझे सगळे जुळ्यांचे मेल काढून वाचले होते. दोनशे सहा.

“पोर्तुगालच्या पाद्र्याने मिरवणूक काढली का?” त्याने विचारलं.

“रद्द केली. पण आइस्क्रीमची ऑर्डर गेली होती, ते वाटलं.”

“बस,” तो म्हणाला. “प्रश्न कसा विचारायचा ते तू सांग. तुला लोकांशी बोलता येतं.”

त्या एका वाक्यावर आम्ही चार तास घालवले. त्याला हवं होतं, ‘नोंदीच्या ओळी परस्परविरुद्ध दिशांनी आहेत काय?’ मी म्हटलं, असं विचारलंस तर मीच नाही म्हणेन. शेवटी ठरलं: ‘जाऊन परत आलात का?’ खाली दोन बटणं, ‘हो’ आणि ‘आठवत नाही’. ‘आठवत नाही’वर हिल्डिंगने बराच वेळ डोळे मिटून घेतले. मग म्हणाला, “असू दे. तिसरं बटण ‘नाही’चं घाल, एकाच दिशेने जाणाऱ्या बिचाऱ्यांसाठी.”

पावणेबाराला गुल्लान जिना चढून आली, हातात रेनडिअरच्या मटणाच्या सुपाचं भांडं. सव्वीस वर्षांत ती या ऑफिसात दिव्यांच्या माळा लावायला आणि केक द्यायला आली असेल तेवढीच. प्रोग्राम तिने कधी बघितला नव्हता. तिने भांडं खिडकीत ठेवलं आणि त्याच्या शेजारी खुर्ची ओढली.

“दाखव,” ती म्हणाली.

त्याने तळं उघडलं. आधी मुंग्या, मग ओळी, मग रंग. तो समजावून सांगत होता, नेहमीपेक्षा सावकाश, आणि अवघड शब्द आला की माझ्याकडे बघायचा, मग मी सोपा द्यायचे. तिने सगळं ऐकून घेतलं.

“मी कुठे होते?” तिने विचारलं.

त्याने स्क्रीनवर बोट ठेवलं. बोटाखाली आकडा होता, तो त्याला वाचता येईना. मी वाचला, “चौदा.”

गुल्लानने हाताची बोटं पसरून टेबलावर धरली, अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत अंतर घेतलं आणि ते अंतर तसंच धरून बराच वेळ बघत बसली.

“एवढंच?”

“एवढंच.”

“आणि सकाळी मला वाटत होतं, तंबूत पाणी कॉफी सांडल्यामुळे आलंय. मी दोनदा पुसून घेतलं.” ती हसायला लागली. आधी हळू, मग इतकी की तिला डोळे पुसावे लागले. हिल्डिंगला हसू येत नव्हतं. त्याने तिचा तो पसरलेला हात टेबलावरून उचलून दोन्ही हातांत धरला. माझ्यासमोर असं काही करणारा तो माणूस नाही, म्हणून मी वाट्या आणायच्या निमित्ताने उठले.

परत आले तेव्हा ती त्याला विचारत होती, तळ्याच्या तळाशी आणखी काय काय दिसतं, आणि तो तिला एक लांबट काळी सावली दाखवत होता. ती होडी आहे की ओंडका, यावर त्यांचं एकमत होत नव्हतं.